गाडीच्या सातबाऱ्यावर रिकॉलचा बोजाही दिसू द्या

प्रति,
मा. परिवहन आयुक्त, महाराष्ट्र राज्य
तसेच मराठवाड्यातील आठही जिल्ह्यांचे प्रादेशिक व उपप्रादेशिक परिवहन अधिकारी

विषय : जुनी मोटार नावावर करताना तिच्यावरचा प्रलंबित रिकॉल घेणाऱ्याला लेखी कळवण्याबाबत

महोदय,

आमच्याकडे जमीन घ्यायची म्हटलं की माणूस आधी सातबारा काढतो. नुसतं मालकाचं नाव बघून कुणी इसार देत नाही. ‘इतर हक्क’च्या रकान्यात काय लिहिलंय ते चष्मा लावून वाचलं जातं. सोसायटीचा बोजा, बँकेचा बोजा, बहिणींची नावं, विहिरीतला सामाईक वाटा, सगळं तिथं उतरलेलं असतं. विकणारा कितीही गोड बोलला तरी घेणारा त्या रकान्यावरच विसंबतो.

जुन्या मोटारीच्या कागदांत असा रकाना अर्धाच आहे. बँकेचा बोजा त्यात दिसतो, पण ज्याच्या दुरुस्तीसाठी कंपनीनंच गाड्या परत बोलावल्यात (ह्यालाच ‘रिकॉल’ म्हणतात) तो गाडीतला जीवघेणा दोष दिसत नाही. तो दिसावा एवढ्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

मी अहमदपूर तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिक्षक आहे. २०२१ साली मी पुण्याहून एक जुनी सेडान घेतली. आमच्या भागात तिला ‘डिकीवाली गाडी’ म्हणतात. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण माझं भांडण कंपनीशी नाही. तिनं तिचं काम पुढे चोख केलं. विकणाऱ्या व्यापाऱ्याचंही नाव लिहीत नाही. त्यानं जे केलं ते त्या धंद्यात रोज घडतं.

घेताना मी निष्काळजीपणा केला नाही. गावातला मिस्त्री सोबत नेला होता. त्यानं दाराचं रबर सोलून आतले वेल्डिंगचे ठिपके बघितले, म्हणजे गाडी ठोकलेली असेल तर कळतं. डिकीतलं कार्पेट उचलून स्टेपनीच्या खड्ड्यात हात फिरवला. ऑइलचं झाकण काढून वास घेतला, टायरवरचा आठवडा आणि साल वाचलं, मीटर मागे फिरवलाय का म्हणून क्लचच्या पॅडलची झीज बघितली. व्यापारी म्हणाला, “फॅमिली गाडी आहे सर. दोन एअरबॅग, एबीएस. ठोकली तरी आतल्या माणसाला काही होत नाही.” पुढे एजंटानं फॉर्म २९ आणि ३० वर सह्या घेतल्या, विमा बघितला, पीयूसी बघितली, आधीच्या मालकाचं कर्ज फिटल्याचं बँकेचं पत्र बघितलं, थकीत दंड आहे का ते बघितलं. महिन्याभरात गाडी माझ्या नावावर झाली. ह्या सगळ्या खटाटोपात ‘रिकॉल’ हा शब्द कुणाच्याही तोंडी आला नाही. मलाही तो विचारायचा असतो हे माहीत नव्हतं.

पुढची तीन वर्षं आम्ही ती गाडी वापरली. तुळजापूर, परळी, औंढा, लेकीला लातूरच्या क्लासला सोडणं, आईचा दवाखाना. आईचे गुडघे धरलेत. मागच्या सीटवर तिला पाय दुमडता येत नाहीत, म्हणून तिची जागा कायम पुढे, माझ्या शेजारी.

२०२४ च्या दिवाळीत माझा एक जुना विद्यार्थी भेटायला आला. तो एका मोठ्या शहरातल्या कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये काम करतो. अंगणातली गाडी बघून त्यानं चहाच्या आधीच विचारलं, “गुरुजी, ह्या मॉडेलचं एअरबॅगचं काम झालंय का?” मी म्हटलं, कसलं काम? त्यानं आरसी मागितली. चेसिस नंबरची सतरा अक्षरं-आकडे एकेक करून मोबाइलवर टाकले. कार्ड झिजलेलं होतं, आठ की बी कळेना, म्हणून अंगणात जाऊन विंडशील्डखालची पट्टी बॅटरीच्या उजेडात वाचली. मग मोबाइल माझ्यापुढे धरला. शेजारच्या बाजूच्या एअरबॅगचा इन्फ्लेटर बदलायचा बाकी होता. रिकॉल जाहीर होऊन कित्येक वर्षं उलटून गेली होती.

तो आत गेला आणि आईजवळ बसून म्हणाला, “आजी, काम होईस्तोवर पुढं बसू नका.” आईनं माझ्याकडे बघितलं. “माझ्या पुढ्यातच व्हय रे ते?”

ह्या एका वाक्यानंतर मी रिकॉल म्हणजे काय ते मुळापासून वाचायला घेतलं. आपल्या खात्यातल्या अधिकाऱ्यांना हे सारं ठाऊक असणार, पण हे पत्र माझ्यासारखे गाडीवाले वाचणार आहेत, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

टाकाटा नावाची जपानी कंपनी जगातल्या कितीतरी मोटारकंपन्यांना एअरबॅगचे इन्फ्लेटर पुरवायची. इन्फ्लेटर म्हणजे धक्का बसताच क्षणात वायू तयार करून पिशवी फुगवणारं धातूचं डबडं. टाकाटानं त्यात अमोनियम नायट्रेटच्या गोळ्या भरल्या. आपल्याकडे खडक फोडायच्या सुरुंगाच्या दारूत वापरतात तेच रसायन. दमट हवा आणि वर्षानुवर्षं दिवसा तापणं, रात्री निवणं, ह्यानं त्या गोळ्या भुसभुशीत होतात. मग त्या जळायला हव्यात त्याहून फार वेगानं जळतात, डबडंच फुटतं आणि त्याच्या धातूच्या चिरफळ्या पिशवी फाडून समोरच्या माणसाच्या तोंडा-मानेत घुसतात. किरकोळ टक्कर, ज्यातून माणूस खरचटून उठला असता, तिच्यात माणसं अशी गेली आहेत. एकट्या अमेरिकेत २५ हून अधिक मृत्यू आणि शेकडो जखमी ह्या दोषाच्या नावावर आहेत. तिथं सुमारे ६.७ कोटी इन्फ्लेटर परत बोलावले गेले. जून २०१७ मध्ये टाकाटानं दिवाळखोरी जाहीर केली. भारतातही अनेक कंपन्यांनी ह्याच कारणासाठी गाड्या बोलावल्या. होंडानं जानेवारी २०१७ मध्ये २०१२ साली बनलेल्या ४१,५८० गाड्या बोलावल्या, त्यांत सिटी, सिव्हिक आणि अकॉर्ड ह्या सेडान होत्या. जानेवारी २०१८ मध्ये २०१३ च्या आणखी २२,८३४.

आता माझ्या गाडीचा प्रवास बघा. पहिली काही वर्षं ती मुंबईच्या दमट हवेत होती, मग पुण्यात, आणि नंतर आमच्याकडे. आमच्याकडे म्हणजे एप्रिल-मे महिन्यात शाळेच्या पटांगणात दिवसभर उन्हात. बेचाळीस अंशांच्या दुपारी डॅशबोर्डला हात लावता येत नाही, आणि त्या डॅशबोर्डच्या आतच ते डबडं. दमट हवा अंगात मुरवून ती मराठवाड्याच्या भट्टीत आली. मुंबई-पुण्याच्या किती जुन्या गाड्या आमच्याकडे अशा येतात, हे एमएच-२४, एमएच-२३, एमएच-२२ च्या कार्यालयांत रोज येणाऱ्या नाहरकती बघणाऱ्यांना मी सांगायला नको. तिकडचा माणूस सात-आठ वर्षांत गाडी बदलतो. आमच्याकडे तीच गाडी त्या घरातली पहिली चारचाकी असते आणि पुढची दहा वर्षं चालते.

कंपनीनं पत्र पाठवलं नव्हतं का? पाठवलं होतं. जुन्या विम्याच्या कागदावरून मी पहिल्या मालकाला फोन लावला. सज्जन माणूस. म्हणाले, “हो, पत्र आलं होतं एक. पण तोवर गाडी विकलेली होती. मी कुणाला देणार ते?” त्यांनी गाडी व्यापाऱ्याला दिली, व्यापाऱ्यानं दुसऱ्याला, दुसऱ्यानं पुण्यातल्या व्यापाऱ्याला, त्यानं मला. पत्र पहिल्या दारात थांबलं आणि दोष पाचव्या दारापर्यंत आला.

इथं मला आपल्या खात्याशी थेट बोलायचं आहे. समृद्धीवर वेगाची हद्द ओलांडली तर चलनाचा मेसेज माझ्याच मोबाइलवर येतो, पहिल्या मालकाच्या नाही. म्हणजे ह्या क्षणी गाडी कुणाची आहे, तो कुठं राहतो, त्याचा नंबर काय, हे गाड्यांच्या नोंदणीच्या सरकारी ‘वाहन’ प्रणालीला पक्कं माहीत आहे. दंड वसूल करायला ती ओळख वापरता येते, तर “तुमच्या आईच्या पुढ्यात सदोष एअरबॅग आहे” हे सांगायलाही ती वापरता आली पाहिजे. बँकेचं कर्ज बाकी असेल तर तिच्या नाहरकतीशिवाय गाडी नावावर होत नाही. बँकेच्या पैशाची एवढी काळजी घेणाऱ्या पद्धतीत गाडीत बसणाऱ्याच्या जिवासाठी एक ओळ असावी, एवढंच मागणं आहे.

लोकांच्या डोक्यात आज रिकॉलपेक्षा ‘स्टार’ जास्त आहेत. ती चांगलीच गोष्ट आहे. दहा वर्षांपूर्वी आमच्या गावात गाडीचा मायलेज सोडून कुणी काही विचारत नव्हतं. आता पोरं विचारतात, कितीची रेटिंग आहे. गाड्या आपटून त्यांना सुरक्षेचे तारे देणारी सरकारी योजना, भारत एनकॅप, २२ ऑगस्ट २०२३ ला जाहीर झाली आणि १ ऑक्टोबर २०२३ पासून लागू झाली. त्यात गाडी ताशी ६४ किलोमीटरनं अडथळ्यावर आदळवतात, बाजूनं ५० च्या वेगानं धडक देतात. त्याआधीपासून ग्लोबल एनकॅप ही परदेशी संस्था भारतीय गाड्या आपटून बघत होती. सेडानपुरतं बोलायचं तर २०२३ साली स्कोडाची स्लाव्हिया आणि फोक्सवॅगनची व्हर्टस ह्या दोघींना मोठ्यांसाठी आणि मुलांसाठी दोन्हीकडे पाच तारे मिळाले, मोठ्यांच्या सुरक्षेत ३४ पैकी २९.७१ गुण. त्याच वर्षी ह्युंदाईच्या नव्या व्हर्नालाही पाच मिळाले, २८.१८ गुणांनी, पण तिचा ढाचा ‘अस्थिर’ असा शेरा त्याच अहवालात आहे. ताऱ्यांची चित्रं फिरतात, शेरा कुणी फिरवत नाही.

आणि जुन्या गाड्यांच्या बाजारात हे तारे भलत्याच गाडीला चिकटवले जातात. नाव तेच राहतं, गाडी बदलते. नव्या पिढीच्या मॉडेलला मिळालेले तारे दाखवून आठ वर्षांपूर्वीची त्याच नावाची गाडी खपवतात. जुलै २०१९ च्या आधी चालकाची एअरबॅगसुद्धा सक्तीची नव्हती. शेजारच्या सीटची तर जुन्या मॉडेलांना डिसेंबर २०२१ अखेरीस सक्तीची झाली. त्याच नावाच्या जुन्या, खालच्या व्हेरिएंटमध्ये काय होतं आणि काय नव्हतं, हे घेणाऱ्याला कोण सांगणार?

तारे आणि रिकॉल ह्यांत मूळचाच एक फरक आहे, आणि मला वाटतं तो आपल्या कार्यालयांच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहायला हवा. तारे मॉडेलला मिळतात. रिकॉल चेसिस नंबरला लागतो. प्रयोगशाळेत आपटलेली गाडी उत्तम निघाली म्हणून अमुक आठवड्यात बनलेल्या गाडीत बसवलेला पट्टाही उत्तमच असेल असं नाही. आताचंच उदाहरण घ्या. २०२५ मध्ये स्कोडा आणि फोक्सवॅगननं मिळून ४७,२३५ गाड्या बोलावल्या, त्यांत ह्याच पाच ताऱ्यांच्या स्लाव्हिया आणि व्हर्टसही होत्या. दोष मागच्या सीटच्या पट्ट्यांत. २४ मे २०२४ ते १ एप्रिल २०२५ ह्या काळात बनलेल्या काही गाड्यांत समोरासमोरच्या धडकेत पट्ट्याच्या बकलची पट्टी तुटू शकते, असं कंपन्यांनी स्वतःहून सांगितलं. मारुतीनं डिसेंबर २०२२ मध्ये सियाझसह पाच मॉडेलांच्या ९,१२५ गाड्या बोलावल्या, पुढच्या सीटच्या पट्ट्याच्या खांद्याजवळच्या एका छोट्या भागासाठी; त्या सगळ्या २ ते २८ नोव्हेंबर २०२२ ह्या चारच आठवड्यांतल्या होत्या. होंडानं ऑक्टोबर २०२४ मध्ये इंधनपंपासाठी ९०,४६८ गाड्या बोलावल्या, कारण पंपातली चकती तडकून चालत्या गाडीचं इंजिन बंद पडू शकतं. समृद्धीवर, मागून शंभर-एकशेवीसनं गाड्या येत असताना, इंजिन बंद पडणं म्हणजे काय हे जालन्याच्या किंवा संभाजीनगरच्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही.

मागच्या सीटच्या पट्ट्याचा विषय निघाला म्हणून लिहितो, कारण तो आमच्या काळजाजवळचा आहे. ३ जून २०१४ ची सकाळ मराठवाडा विसरलेला नाही. केंद्रीय मंत्रिपदाची शपथ घेऊन गोपीनाथराव मुंडे ह्यांना जेमतेम आठवडा झाला होता. दिल्लीत विमानतळाकडे जाताना एका चौकात त्यांच्या सेडानला बाजूनं दुसरी मोटार धडकली. ते मागच्या सीटवर होते. पट्टा लावलेला असता तर कदाचित वाचले असते, असं तेव्हाचे केंद्रीय आरोग्यमंत्री डॉ. हर्षवर्धन बोलले होते. परळीला दुसऱ्या दिवशी लोटलेली माणसं मी बघितली आहेत, मीही त्यांत होतो. त्यानंतर आमच्यातल्या कित्येकांनी मागे बसल्यावर पट्टा शोधायला सुरुवात केली. तो पट्टाच सदोष असेल आणि ते कंपनीला माहीत, पण त्यात बसणाऱ्याला माहीत नसेल, तर काय म्हणायचं?

कायदा नाही असं नाही. उद्योगाच्या सियाम ह्या संघटनेनं २०१२ साली स्वेच्छेनं गाड्या परत बोलावण्याची संहिता आणली. २०१९ च्या दुरुस्तीनं मोटार वाहन कायद्यात कलम ११०-अ आलं आणि १ एप्रिल २०२१ पासून सरकारला सक्तीनं रिकॉल करायला लावण्याची सोय झाली, त्यात १० लाखांपासून १ कोटीपर्यंत दंडाची तरतूद आहे. पण ती सात वर्षांच्या आतल्या गाड्यांसाठी. मराठवाड्याच्या रस्त्यावरच्या जुन्या गाड्यांपैकी बऱ्याचशा ही रेषा ओलांडूनच आमच्याकडे आलेल्या असतात. टाकाटासारखा दोष तर गाडी जितकी जुनी तितका वाढतो. वयाची अट ह्या एका बाबतीत उलटी पडते.

हा केंद्राचा कायदा आहे आणि ‘वाहन’ प्रणालीही केंद्राची आहे, हे मला कळतं. राज्याच्या आयुक्तांच्या हातात सगळं नाही. तरीही जे हातात आहे ते थोडं नाही.

सगळ्यात आधी, गाडी नावावर करताना एक कागद वाढवा. कंपनीच्या संकेतस्थळावर चेसिस नंबर टाकून आलेल्या उत्तराची छापील प्रत, त्यावर विकणाऱ्याची आणि घेणाऱ्याची सही. रिकॉल बाकी असेल तर व्यवहार अडवा असं मी म्हणत नाही. सर्व्हिस सेंटर दीडशे किलोमीटरवर असणाऱ्या माणसाची त्यात अडवणूकच होईल. फक्त घेणाऱ्याला कळलं पाहिजे. काम फुकट होतं हेही त्याच कागदावर मराठीत छापा. १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्यांना नोंदणी प्राधिकाऱ्याकडून अधिकारपत्र घ्यावं लागतं. त्यांची बैठक बोलवा आणि गाडी मांडताना किमतीच्या पाटीसोबत रिकॉलची स्थितीही लावायला सांगा. मायलेज आणि म्युझिक सिस्टिम लिहितातच की.

दुसरं म्हणजे पीयूसी. प्रत्येक तालुक्याच्या ठिकाणी, पेट्रोल पंपाच्या कडेला, एक पीयूसीवाला बसलेला असतो. दोन वर्षांची असो की पंधरा वर्षांची, प्रत्येक गाडी त्याच्याकडे जाते, आणि त्याची नोंद ‘वाहन’वर चढते. त्या प्रमाणपत्राच्या तळाशी “ह्या वाहनावर रिकॉल प्रलंबित आहे” अशी एक ओळ छापून आली तर आमच्या वाडी-तांड्यापर्यंत निरोप पोहोचेल. त्यासाठी कंपन्यांकडची चेसिस नंबरची यादी ‘वाहन’ला जोडावी लागेल. तसा प्रस्ताव महाराष्ट्रानं केंद्राकडे पाठवावा, सात वर्षांची अट सुरक्षेच्या दोषांपुरती काढण्याच्या शिफारशीसह. ब्रिटनमध्ये गाडीचा नंबर टाकला की तपासणीच्या इतिहासासोबत बाकी असलेला रिकॉलही सरकारी संकेतस्थळावर दिसतो. जपाननं तर २०१८ पासून टाकाटाच्या धोकादायक इन्फ्लेटरचं काम न झालेल्या गाड्यांना मुदतीच्या तपासणीत पास करणंच थांबवलं. आपण निदान सांगायला तरी सुरुवात करू.

ह्याला विरोध कुठून होईल तेही मला दिसतंय. आमच्याकडे रिकॉल म्हणजे गाडी बाद, असा समज आहे. माझ्या शेजाऱ्यानंच सांगितलं, “सर, हे कुणाला बोलू नका, गाडीची किंमत पडंल.” हा समज उलटा फिरवायचा असेल तर खात्यानंच बोलायला हवं. चूक कबूल करून भाग फुकट बदलून देणारी कंपनी आपल्यावर उपकारच करते. ज्या गाडीचं रिकॉलचं काम झालंय तिची किंमत खरं तर वाढायला पाहिजे. सातबाऱ्यावरचा बोजा उतरला की जमिनीला भाव जास्त येतो ना, तसंच.

माझ्या गाडीचं काम झालं त्याबद्दल दोन शब्द, म्हणजे इतरांची भीती जाईल. पहाटे निघालो, आईला घरीच ठेवलं. तिथल्या पोरानं आधी बॅटरीची वायर काढली आणि मग हात बांधून शांत उभा राहिला. मी विचारलं, थांबलास का? म्हणाला, “सिस्टिममधला करंट उतरू द्यावा लागतो सर, घाई करायची नसते इथं.” मग त्यानं ग्लव्ह बॉक्स काढला, आत हात घालून चार बोल्ट सोडले आणि वीतभर लांबीचं एक राखाडी नळकांडं बाहेर काढलं. दिसायला अगदी साधं, हातपंपाच्या सुट्या भागासारखं. त्याच्यावर ना गंज होता ना डाग. बाहेरून बघून त्याच्या पोटात काय झालंय हे कुणालाही कळलं नसतं, माझ्या मिस्त्रीला तर नाहीच. त्यानं ते दोन्ही हातांनी तोलत वेगळ्या खोक्यात ठेवलं, खोक्यावर माझा चेसिस नंबर लिहिला. नवं बसवलं, बॅटरी जोडली, मीटरवरचा एअरबॅगचा लाल दिवा लागून विझला. दीड तास लागला. बिलाच्या रकान्यात शून्य होतं.

परत येताना शेजारची सीट रिकामी होती आणि माझं लक्ष सारखं तिकडे जात होतं. तीन वर्षं.

तेव्हापासून मी आमच्या केंद्रातल्या शिक्षकांच्या गाड्यांचे चेसिस नंबर तपासून देतो. आठवडी बाजाराच्या दिवशी शाळा सुटल्यावर कुणी ना कुणी आरसी घेऊन येतं. मला ह्यात काही विशेष येत नाही, सतरा अक्षरं नीट वाचता आली की झालं. हे काम आपल्या प्रत्येक कार्यालयात एक टेबल टाकून, एक माणूस बसवून सहज होईल. जागा नसेल तर आमच्या शाळेचा वर्ग शनिवारी दुपारनंतर मोकळा असतो, तो मी मुख्याध्यापकांशी बोलून मिळवून देतो. मोटार वाहन निरीक्षक एक दिवस आले तरी पुरे.

आत्तापर्यंत अकरा गाड्या बघितल्या. दोन निघाल्या. एकीचा पंप मागच्या महिन्यात बदलून झाला. दुसरी एअरबॅगचीच आहे, आमच्या शाळेवरच्या सहकाऱ्याची. सर्व्हिस सेंटरला भाग आलेला नाही, त्यांना पुढच्या मंगळवारची वेळ मिळाली आहे. तोवर ते पोरांना मागे बसवतात आणि शेजारची सीट रिकामी ठेवून गाडी चालवतात.

आपला,
एक वाहनधारक शिक्षक
ता. अहमदपूर, जि. लातूर